ब्रॅम्प्टन ते कॅलगरी: गाडी पोचली, विमा पोचला का?

तुमच्या नात्यात किंवा सोसायटीत कोणाचं ना कोणाचं मूल कॅनडात असेलच. आणि "आम्ही आता कॅलगरीला शिफ्ट होतोय" हे वाक्यही कधीतरी व्हिडिओ कॉलवर तुमच्या कानावर पडलं असेल. टोरांटोच्या आसपास घर घेणं परवडत नाही, अल्बर्टात प्रांताचा वेगळा विक्रीकर नाही, अशी कारणं असतात. माझ्या दादाचीही तीच होती. त्या जुलैत मी त्याच्याकडे ब्रॅम्प्टनला सुट्टीवर गेले होते. घरातलं सामान ट्रकने पुढे गेलं आणि दादा, वहिनी, चार वर्षांची माझी पुतणी आणि मी असे चौघं त्यांच्या करड्या गाडीतून निघालो. पाच दिवस, साधारण ३,४०० किलोमीटर.

या प्रवासावर लिहायचं ठरवलं तेव्हा डोक्यात सरोवरं, शेतं आणि रॉकी पर्वत होते. ते सगळं सांगणारच आहे. पण खरं सांगू का, त्या पाच दिवसांत गाडीत सर्वात जास्त चर्चा झाली ती डॅशबोर्डच्या खणातल्या एका गुलाबी कागदाची. कॅनडात गाडीच्या विम्याचं जे छोटं कार्ड मिळतं त्याला सगळे 'पिंक स्लिप' म्हणतात. पोलिसाने थांबवलं की लायसन्स आणि गाडीच्या कागदांबरोबर ती दाखवायची.

निघायच्या आठवडाभर आधीची गोष्ट. खोक्यांच्या ढिगाऱ्यात बसून आम्ही पोहे खात होतो. वहिनीने विचारलं, "गाडीच्या इन्शुरन्सचं काय केलंस?"

दादा म्हणाला, "काय करायचंय? पॉलिसी नोव्हेंबरपर्यंत आहे. कॅनडा एकच देश आहे ना?"

त्याच्या एका मित्राने तर त्याला पुढचा सल्लाही दिला होता: कंपनीला काही सांगूच नको, टपालासाठी माझा पत्ता देऊन ठेव, नोव्हेंबरमध्ये बघू. वहिनी हे ऐकून थांबली आणि म्हणाली, "आणि कॅलगरीत कोणी आपल्याला ठोकलं तर? रोज सकाळी ब्रॅम्प्टनहून दूध आणायला आलो होतो म्हणून सांगशील?"

हा संवाद मजेशीर वाटला तरी त्यात दादाचं बरंच काही अडकलं होतं. भारतातून तिथे गेलेल्या माणसाला विमा कंपनीच्या दृष्टीने बहुतेक वेळा इतिहासच नसतो. इथे वीस वर्षं गाडी चालवली असली तरी तिथे हप्ता जवळजवळ नवशिक्यासारखा लागतो. त्यात ब्रॅम्प्टन हा गाडीच्या विम्यासाठी ओंटारियोतल्या सर्वात महाग भागांपैकी एक. दादाने सहा वर्षं एकही क्लेम न करता, एकही हप्ता न चुकवता तो रेकॉर्ड बनवला होता. तो रेकॉर्डच त्याची पुंजी होती.

आता मुद्दा समजून घ्या, कारण तुमच्या घरातल्या कोणाला हा सल्ला द्यायची वेळ येईल. ओंटारियोत घेतलेली पॉलिसी कॅनडाभर चालते, अमेरिकेतही चालते. पण ती चालते प्रवासासाठी. फिरायला गेलात, पाहुणे म्हणून राहिलात, गाडीने दुसऱ्या टोकापर्यंत गेलात, तर काही हरकत नाही. राहायलाच गेलात की गोष्ट बदलते. हप्ता ठरतो तो गाडी रात्री कुठे उभी असते यावर. तिथल्या चोऱ्या किती, अपघात किती, हवामान कसं, तिथला कायदा जखमी माणसाला काय देतो, हे सगळं त्या आकड्यात असतं. पत्ता बदलला की तो आकडा खोटा ठरतो, आणि असा बदल कंपनीला लगेच कळवायची जबाबदारी गाडीमालकाची असते. लपवलं आणि नंतर उघडकीला आलं तर कंपनी क्लेम नाकारू शकते.

भारतात आपल्याला याची सवय नाही. पुण्याची गाडी बंगळुरूला नेली तर पॉलिसी तीच राहते. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर आरटीओची एनओसी, नवा नंबर आणि रोड टॅक्स यांची धावपळ असते, आणि तो नवा नंबर, पत्ता विमा कंपनीत नोंदवून घ्यावा लागतो. त्रास आहे, पण विम्याचा कायदा देशभर एक आहे. कॅनडात गाडीचा विमा हा प्रांताचा विषय. म्हणजे अक्षरशः प्रत्येक प्रांताची वेगळी पद्धत.

वहिनीचं म्हणणं दादाला पटलं की तो नुसता कंटाळला, माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने ब्रोकरला फोन केला. ब्रोकर अजिबात चिडली नाही. तिने निघायची तारीख विचारली, कॅलगरीचा पत्ता लिहून घेतला, आणि ३१ जुलैपर्यंत ही पॉलिसी चालू राहील, तोवर अल्बर्टाची घ्या, असं ईमेलवर लिहून दिलं. आणि एक गोष्ट तिने दोनदा सांगितली: नवी पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी बंद करू नका, आणि बँकेतून जाणारा हप्ता थांबवून तर अजिबात बंद करू नका. हप्ता थांबवला की पॉलिसी 'पैसे न भरल्यामुळे रद्द' अशी नोंद होते. पुढची काही वर्षं कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी ती नोंद आधी दिसते. रीतसर अर्ज करून, तारीख टाकून बंद केली तर तसं होत नाही. मधेच बंद केल्याबद्दल थोडे पैसे कापतात, पण ते परवडतात.

तर, निघालो.

पहाटे पाचला, डबे भरून. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग. मागच्या सीटवर पुतणीसाठी आमच्या आईने शिवलेली गोधडी अंथरली होती. मी स्टिअरिंगला हात लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे माझ्याकडे नकाशा, डबे आणि गाणी एवढीच खाती आली.

नकाशात ओंटारियो मोठं दिसतं, पण ते किती मोठं आहे हे गाडीत बसल्यावरच कळतं. पहिला पूर्ण दिवस चालून आम्ही सू सेंट मरीला पोचलो, ओंटारियोतच. दुसरा पूर्ण दिवस चालून थंडर बे, तेही ओंटारियोतच. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर कुठे मॅनिटोबाची हद्द आली. पुतणीने दर तासाला विचारावं, "कॅलगरी आलं?" आणि दादाने दर तासाला म्हणावं, "अजून ओंटारियो."

पण दुसरा दिवस या प्रवासातला सर्वात सुंदर दिवस होता. सू सेंट मरीनंतर रस्ता सुपीरियर सरोवराच्या काठाने वर चढतो. सरोवर म्हणायचं म्हणून म्हणायचं. क्षेत्रफळाने हे जगातलं सर्वात मोठं गोड्या पाण्याचं सरोवर, पलीकडचा काठ दिसतच नाही, लाटा फुटतात, वाळूचे किनारे आहेत. आपल्याकडच्या समुद्रासारखा खारा वास मात्र नाही, आणि जुलैतही पाण्यात पाय घातला की हाडं गोठतात. पुतणीने पाय घातला, किंचाळली, पुन्हा घातला.

वावा नावाच्या गावाबाहेर एका प्रचंड रानहंसाचा पुतळा आहे. १९६० मध्ये सरोवराकाठचा हा महामार्ग पूर्ण झाला, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांनी गावात थांबावं म्हणून तो उभारला. आताचा पुतळा नवा आहे, पण थांबायचं कारण तेच. आम्हीही थांबलो. त्याच्यापुढे मैलोन्‌मैल जंगल, आणि मूसच्या चित्रांचे इशारे. मूस म्हणजे सांबराच्या कुळातला, पण घोड्याहून उंच प्राणी. संध्याकाळनंतर तो रस्त्यावर येतो, आणि त्याचे पाय इतके लांब असतात की गाडीची धडक पायांना बसते आणि धड काचेवर येतं. दादाने अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचा नियम केला होता तो यासाठी. मूस आम्हाला दिसला नाही. पुतणी निराश झाली, वहिनी खूश.

निपिगॉनचा पूल मला मुद्दाम बघायचा होता. कॅनडाचा पूर्व आणि पश्चिम भाग देशाच्या आतून जोडणारा रस्ता इथे एकाच पुलावरून जातो. नवा पूल नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०१६ मध्ये कडाक्याच्या थंडीत त्याचा एक भाग जागेवरून वर उचलला गेला. रस्ता बंद. एवढ्या मोठ्या देशात इकडून तिकडे गाडीने जायचं तर अमेरिकेत शिरून वळसा घ्यायचा, एवढाच मार्ग उरला होता. आम्ही तो पूल अर्ध्या मिनिटात पार केला. मी मागे वळून पाहत राहिले.

थंडर बेच्या अलीकडे टेरी फॉक्सचं स्मारक आहे. कर्करोगामुळे एक पाय गमावलेला हा तरुण १९८० मध्ये कृत्रिम पायाने देशभर धावायला निघाला, कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवायला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावून तो इथे थांबला, कारण आजार फुफ्फुसात पोचला होता. तो बावीस वर्षांचा होता. आम्ही गाडीत बसून पाय आखडले म्हणून कुरकुरत होतो, ती कुरकुर तिथे बंद झाली.

तिसऱ्या दिवशी घड्याळ एक तास मागे गेलं, केनोराची तळी मागे पडली आणि मॅनिटोबात शिरल्यावर थोड्या वेळाने डोंगर, खडक, झाडं हे सगळं एकदम संपलं. कोणीतरी जमीन लाटण्याने लाटावी तशी सपाट. विनिपेगच्या जरा अलीकडे कॅनडाचा रेखांशाने येणारा मध्य दाखवणारी पाटी आहे. आम्ही तिथे फोटो काढला.

विनिपेगच्या पेट्रोल पंपावर काउंटरला एक पंजाबी विद्यार्थी होता. आमच्या नंबर प्लेटकडे पाहून त्याने विचारलं, "ब्रॅम्प्टन से? शिफ्ट हो रहे हो?" इन्शुरन्सचा विषय दादानेच काढला, कारण तोवर त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तो मुलगा हसला. "यहाँ तो एक ही कंपनी है जी, सरकार की."

आणि ते खरं आहे. मॅनिटोबात १९७१ पासून गाडीचा मूळ विमा सरकारी महामंडळाकडूनच घ्यावा लागतो. गाडीची नोंदणी आणि विमा एकाच ठिकाणी. पुढच्या सस्काचेवानमध्ये तर ही पद्धत त्याहून जुनी, १९४६ ची. टॉमी डग्लस तेव्हा तिथले प्रीमियर होते, तेच ज्यांना कॅनडात सरकारी आरोग्यसेवेचे जनक मानतात. तिथे नंबर प्लेट घेतली की मूळ विमा तिच्याबरोबरच येतो. पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबियातही १९७३ पासून मूळ विमा सरकारी. क्वेबेकमध्ये अर्धं-अर्धं: माणसाला झालेली इजा सरकारी योजनेत, गाडीचं नुकसान खासगी कंपनीकडे. आणि ओंटारियो व अल्बर्टा दोन्हीकडे खासगी कंपन्या, पण पॉलिसीचे नमुने आणि नियम वेगळे. म्हणजे आम्ही पाच दिवसांत ज्या चार प्रांतांतून गेलो, त्या चारही ठिकाणी गाडी तीच, माणसं तीच, रस्ता तोच, आणि विम्याचा अर्थ वेगळा. एकच कंपनी दोन्हीकडे धंदा करत असली तरी ओंटारियोची पॉलिसी उचलून अल्बर्टात ठेवता येत नाही, नवी लिहावी लागते.

दादा म्हणाला, "म्हणजे मी चुकत होतो."

वहिनी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मी काही बोलले का?"

सस्काचेवानबद्दल लोक म्हणतात की तिथे बघण्यासारखं काही नाही. त्यांनी जुलैत जावं. कॅनोला फुलोऱ्यात असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत पिवळंधमक, मधेच जवसाच्या फुलांचा निळा पट्टा, आणि वर इतकं मोठं आकाश की लांबचा पाऊस वेगळा पडताना दिसतो. तिथल्या नंबर प्लेटवरही 'जिवंत आकाशांची भूमी' अशा अर्थाची ओळ असते. ती वाचून मला आधी हसू आलं होतं. या प्रांतातली बहुतेक सगळी गावं उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाहीत, त्यामुळे जुलैत अल्बर्टात शिरताना वेळ तीच राहते. याचा उपयोग काही नाही, पण मला आवडलं.

स्विफ्ट करंट सोडून थोडं पुढे आलो आणि समोरच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला. टक्‌ असा आवाज. समोरच्या काचेवर, बरोबर दादाच्या बाजूला, चवलीएवढा तारा उमटला. मेडिसिन हॅटला चहासाठी थांबेपर्यंत त्याची वीतभर भेग झाली होती. तिथे महामार्गाच्या कडेला एक भलामोठा पोलादी टीपी आहे, म्हणजे इथल्या आदिवासी समाजांच्या तंबूचा सांगाडा. १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकसाठी तो बनवला होता, नंतर इथे आणून बसवला. त्याच्या सावलीत उभं राहून दादाने ब्रोकरला फोन लावला.

पलीकडून पहिला प्रश्न आला: हे कुठे घडलं? दुसरा: तुम्ही अजून ओंटारियोचे रहिवासी आहात का?

तुम्हीच विचार करा, मित्राचा सल्ला ऐकला असता तर दादाने या प्रश्नाला काय उत्तर दिलं असतं. सामानाचा ट्रक कॅलगरीत उतरलेला, नव्या घराचा करार सहीचा, आणि तोंडाने "हो, ब्रॅम्प्टनलाच राहतो"? काचेसारख्या किरकोळ गोष्टीत कदाचित खपलंही असतं. पण जखमी माणूस, मोडलेली गाडी, कोर्ट असं काही असतं, तर कंपनी फोनचे रेकॉर्ड, भाड्याचा करार, मुलीचं शाळेत नाव कधी घातलं, सगळं तपासते. दादाच्या ऑफिसात एकाचं असं झालेलं त्याने नंतर मला सांगितलं. तो मावसभावाच्या पत्त्यावर पॉलिसी ठेवून प्रांत बदलून आठ महिने राहिला होता. अपघातात गाडी गेली, कंपनीने गाडीचे पैसे दिले नाहीत आणि नंतर कोणी विमा द्यायलाही तयार होईना. आणि विम्याशिवाय गाडी चालवणं तर कुठल्याच प्रांतात चालत नाही. एकट्या ओंटारियोत पहिल्याच गुन्ह्याला कमीत कमी ५,००० डॉलर दंड आहे.

दादाने खरं ते सांगितलं, ईमेलची तारीख सांगितली, आणि पाच मिनिटांत विषय संपला. क्लेम घेता येईल, पण पहिले ५०० डॉलर तुमचे. नवी काच साधारण तेवढ्यातच बसणार होती, म्हणून त्याने क्लेम केलाच नाही. रेकॉर्ड कोरा राहिला.

संध्याकाळी कॅलगरी दिसायला लागलं, आणि त्याच्यामागे निळसर करवतीसारखी रॉकी पर्वतांची रांग. पुतणी झोपली होती. आम्ही तिघंही काही बोललो नाही.

पुढचे दोन आठवडे पर्यटनाचे नव्हते, पण मला ते प्रवासाचाच भाग वाटले. अल्बर्टात राहायला आल्यापासून लायसन्स आणि गाडीची नोंदणी बदलायला ९० दिवस मिळतात. ब्रिटिश कोलंबियात गाडीसाठी ३० दिवस, ओंटारियोतही ३०. तुमच्या मुलांनी ९० हा आकडा ऐकून आरामात बसू नये. ती मुदत प्रांताची आहे, विमा कंपनीची नाही. दादाच्या कंपनीने ३१ जुलै म्हटलं होतं, म्हणजे तीन आठवडेच.

क्रम असा निघाला. बाहेरच्या प्रांतातून आलेल्या गाडीची आधी परवानाधारक गॅरेजमध्ये तपासणी. ब्रेक, टायर, गंज, दिवे, सगळं. तपासणी करणाऱ्याने काचेकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली: ड्रायव्हरच्या नजरेसमोर भेग असेल तर पास करणार नाही. म्हणजे तो खडा आम्हाला स्विफ्ट करंटपासून कॅलगरीपर्यंत चिकटून आला होता. काच बदलली, पुन्हा गेलो, पास झालो. त्याने सहज सांगितलं की इथे हिवाळ्यात बर्फावर पकड यावी म्हणून रस्त्यांवर खडी टाकतात, त्यामुळे काचा फुटणं नेहमीचं. वहिनीने तेव्हाच नव्या पॉलिसीत काचेचं कव्हर वेगळं विचारायचं ठरवलं.

तपासणीच्या दाखल्याची मुदत १४ दिवस. तेवढ्यात विमा आणि नोंदणी दोन्ही उरकायचं. विमा मिळतो तो गाडीच्या चॅसिस नंबरवर, त्यामुळे जुनी नंबर प्लेट असली तरी अडत नाही. नव्या कंपनीने दोन कागद मागितले: ओंटारियोतला ड्रायव्हिंगचा रेकॉर्ड आणि जुन्या कंपनीचं पत्र, ज्यात पॉलिसी किती वर्षं होती आणि क्लेम किती, हे लिहिलेलं असतं. दादाचं पत्र ब्रोकरने निघायच्या आधीच पाठवून ठेवलं होतं. 'सहा वर्षं, शून्य क्लेम.' त्या एका ओळीने हप्ता बराच खाली आला. आकडा सांगत नाही, पण दादाने त्या दिवशी आम्हाला डोसा खायला नेलं.

नवी पॉलिसी सुरू झाली २५ जुलैच्या रात्री १२ वाजून १ मिनिटाला. कॅनडात पॉलिसीची वेळ साधारण हीच असते. जुनी बंद करायच्या अर्जावर दादाने तीच तारीख टाकली. मधे एकही दिवस रिकामा नाही. मग पिंक स्लिप घेऊन नोंदणीला. अल्बर्टात हे काम सरकारी ऑफिसात होत नाही, परवाना दिलेल्या खासगी दुकानांमध्ये होतं. आमचं दुकान ईशान्य कॅलगरीत, एका किराणा दुकानाला लागून. आत कागद, बाहेर समोश्यांचा वास. दादाचं ओंटारियोचं पूर्ण लायसन्स परीक्षा न देता बदलून मिळालं. नंबर प्लेट एकच दिली, कारण अल्बर्टात ती फक्त मागे लावतात. गाडीच्या पुढच्या बाजूला ओंटारियोच्या प्लेटची रिकामी भोकं राहिली. पुतणीच्या मते गाडीचे दात पडलेत.

विमा घेताना एजंटने विचारलं होतं, कायद्याने लागतं तेवढंच देऊ का? थर्ड पार्टी, जखमींसाठीचं आणि दुसऱ्याच्या चुकीने आपल्या गाडीला झालेल्या नुकसानीचं कव्हर सक्तीचं, बाकी तुमची मर्जी. स्वस्त पडलं असतं. पण वहिनीने कुठेतरी १३ जून २०२० च्या गारपिटीचे फोटो पाहिले होते. त्या संध्याकाळी ईशान्य कॅलगरीत घरांच्या भिंतींवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या गारांनी चाळणीसारख्या झाल्या, हजारो गाड्यांना पोचे आले, आणि विम्याचं नुकसान एक अब्ज डॉलरच्या वर गेलं. गारपिटीचं नुकसान सक्तीच्या विम्यात येत नाही. तिने ते कव्हर घ्यायला लावलं. दादा कुरकुरला, सही केली.

माझ्या परतीच्या आधीच्या संध्याकाळी आभाळ एकदम हिरवट काळं झालं. फोनवर इशारा वाजला. गल्लीतले सगळे शेजारी घरातून ब्लँकेट, गाद्या, खोकी घेऊन आपापल्या गाड्यांकडे धावले. पहिली गार छपरावर आपटली तशी दादाने मागच्या सीटवर पडलेली गोधडी ओढली आणि नव्या काचेवर पसरली.

"अरे, इन्शुरन्स आहे!" वहिनी दारातून ओरडली. "ती आईंची गोधडी आहे!"